स्कीच्या गावात घर घ्या, उन्हाळा फुकट

आल्प्समधल्या एखाद्या स्कीच्या गावात लाकडी घर घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो मुळीच दाबून ठेवू नका. फक्त एक पथ्य पाळा. "वर्षातून किती दिवस स्की करणार?" असं कुणी विचारलं तर खरा आकडा सांगायचा नाही. खरा आकडा पहिल्या वर्षी चौदा असतो, दुसऱ्या वर्षी दहा, तिसऱ्या वर्षी गुडघ्यामुळे चार, आणि त्यानंतर खिडकीत बसून दुसऱ्यांचं पडणं बघितल्याचेच दिवस मोजायचे असतात. बावन्न आठवड्यांचं वर्ष आणि त्यात दोन आठवडे वापरायचं घर! हा हिशेब कागदावर उतरवला तर भल्याभल्यांच्या हातातलं पेन गळून पडतं. तेव्हा तो उतरवायचाच नाही. त्याऐवजी एक वाक्य पाठ करून ठेवायचं: "आम्ही ते खरं तर उन्हाळ्यासाठी घेतलंय."

वाक्य लहान आहे, पण गुणाचं आहे. घरचे, बँकेतले, साडू, शेजारी, सगळ्यांना पुरून उरतं. हिवाळ्यासाठी डोंगरात घर घेणारा नुसता पैसेवाला. उन्हाळ्यासाठी घेणारा रसिक. शिवाय उद्या बर्फ पडायचा थांबला तरी तुमचं वाक्य खोटं ठरत नाही. उलट "याला आधीच कळलं होतं" म्हणून लोक तुमच्याकडे आदरानं बघतील.

तरीही कुणी नाक मुरडलंच तर इतिहास काढा. आल्प्स हा मुळात उन्हाळ्याचाच माल. थॉमस कुक या इंग्रज सहलवाल्यानं १८६३ मध्ये स्वित्झर्लंडला पहिली सहल नेली ती जूनच्या अखेरीस. इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पोचला तो १४ जुलै १८६५ ला. थंडी पडली की हॉटेलांना कुलपं लागायची. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ गावच्या योहानेस बाड्रुट या हॉटेलवाल्यानं १८६४ साली उन्हाळी हंगाम संपताना आपल्या इंग्रज गिऱ्हाइकांशी पैज लावली, अशी गोष्ट तिथे आजही सांगतात: हिवाळ्यात येऊन तर पाहा, नाही आवडलं तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. पाहुणे नाताळला आले ते ईस्टरलाच उठले. म्हणजे तेव्हा पटवावा लागला हिवाळा, आता पटवावा लागतो उन्हाळा. फरक एवढाच की "नाही आवडलं तर खर्च माझा" असं म्हणणारा बाड्रुट आज एकाही इस्टेट एजंटच्या कचेरीत भेटत नाही. तेवढ्याकडे दुर्लक्ष करा.

आता उन्हाळा म्हणजे नेमका कधी, ते समजून घ्या. एप्रिलच्या अखेरीस स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या बहुतेक लिफ्ट बंद होतात. पुढच्या दिवसांना तिथले जर्मन बोलणारे ‘मधला हंगाम’ म्हणतात. बर्फ स्कीला पुरत नाही आणि चालायला आड येतो, असे ते दिवस. मे महिन्यात गेलात तर बेकरी बंद, उपाहारगृह बंद, केबल कार दुरुस्तीला, आणि अख्खा हिवाळा तुमची सरबराई करून दमलेलं गाव स्वतःच समुद्रावर सुट्टीला गेलेलं. अशी शांतता पैसे मोजून मिळत नाही. ब्रेड मात्र बरोबर न्या. उंचावरच्या पायवाटांवर जूनअखेरपर्यंत बर्फ ठाण मांडून असतो आणि सप्टेंबर अर्धा झाला की लिफ्टवाले पुन्हा आवराआवरीला लागतात. मधे उरले अकरा आठवडे. त्यातून पावसाचे वजा करा. दुपारच्या गडगडाटी वादळांचे वजा करू नका, नाहीतर काहीच उरायचं नाही. जाणता माणूस बाराच्या आत शिखरावरून खाली निघतो, एवढंच लक्षात ठेवा. आणि जुलैतल्या एखाद्या सकाळी दारात बर्फ दिसला तर कुरकुर नको. ज्याच्यासाठी घर घेतलं तोच आलाय. वेळ तेवढी चुकली.

घर उघडायला एकट्यानं जाऊ नये, निदान पहिल्या वर्षी. खोलीत पाऊल टाकल्यावर पायाखाली काहीतरी कुरकुरेल. ते लाकूड नव्हे. थंडीच्या तोंडावर मोठ्या काळपट माश्या माळ्यावरच्या फटींत शेकड्यांनी शिरतात आणि उबेच्या पहिल्या दिवशी उजेडाकडे धावतात. पण तुम्ही घर घट्ट बंद करून गेलेले, त्यामुळे त्यांची यात्रा काचेपाशीच संपते. झाडू घ्या. मग नळ सोडा. पाणी नळातून आलं तर उत्तम. भिंतीतून आलं तर पाइपात राहिलेलं पाणी जानेवारीत गोठलं आणि पाइप फुटला, असं समजा. निघताना पाइप रिकामे करून निघायचं असतं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि म्हणूनच ते दुसऱ्यानं केलं असणार याचीही प्रत्येकाला खात्री असते.

पहिल्या रात्री डोक्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय असा आवाज येईल. घाबरू नका. तो घरातला कायमचा रहिवासी. डॉरमाउस या उंदरासारख्या प्राण्याच्या जातीतला सगळ्यांत मोठा: राखाडी अंग, खारीसारखी झुपकेदार शेपटी, टपोरे काळे डोळे. जर्मनमध्ये त्याला झीबेनश्लेफर म्हणतात, म्हणजे साताचा झोपाळू, आणि नावाला जागून तो वर्षातले सातेक महिने झोपतो. रोमन लोक त्याला रांजणात ठेवून, चारून, लठ्ठ करून खात. आता जर्मनीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तुम्हाला नाही. कामाची वेळ रात्रीची. थंडीची चाहूल लागली की मात्र बहुतेक वेळा तो हे तुमचं लाखमोलाचं छप्पर सोडून जमिनीखालच्या बिळात जाऊन निजतो, आणि वर येतो तो सगळ्या लिफ्ट बंद झाल्यावर. स्कीचा हंगाम त्यानं जन्मात पाहिलेला नसतो. नीट विचार केलात तर तुमचं ते पाठ केलेलं वाक्य मनापासून आणि खरेपणानं म्हणू शकेल असा साऱ्या गावात तो एकटाच आहे. तेव्हा छताला काठीनं ठोकू नका. हेवा वाटला तर वाटू द्या.

अंगणात गाडीपाशी उदमांजराच्या तोंडवळ्याचा मार्टेन असतो. तो बॉनेटखाली शिरून रबरी नळ्या आणि वायरी कुरतडतो. जर्मन भाषिक देशांत गाडीच्या विम्यात त्याच्या दातांची दखल घेतलेली असते, यावरून त्याचं कर्तृत्व ओळखा.

आता दृश्य. जाहिरातीतला फोटो डिसेंबरातला होता, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. बर्फासारखा झाकपाक करणारा दुसरा कारागीर नाही. जूनमध्ये त्यानं अंग काढून घेतलं की जंगलातून सरळ खाली उतरणारे भादरलेले पट्टे उघडे पडतात, जणू न्हाव्यानं अर्ध्यात वस्तरा टाकून पळ काढला. मधे लिफ्टचे खांब, तारेवर ताटकळणाऱ्या रिकाम्या खुर्च्या, कडेला कृत्रिम बर्फ फेकणाऱ्या तोफा. या सगळ्याला ‘मोकळी कुरणं’ म्हणायची जिभेला सवय लावा. वर गेल्यावर एक निळाशार तलाव लागेल, काठाला बाकडी, शेजारी माहितीचा फलक. मुलांनी त्यात मासे आहेत का असं विचारलं तर विषय बदला. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर घालून केलेला तो तोफांच्या पाण्याचा साठा आहे. पण पाण्यात आभाळ पडायचं तसंच पडतं, आणि बाकड्यावर बसल्यावर माणूस गप्पही तसाच होतो. मी झालो होतो. फलक नंतर वाचला.

चालायची हौस असेल तर स्वित्झर्लंडमध्ये खुणा केलेल्या पायवाटा ६५,००० किलोमीटर आहेत. पृथ्वीला दीड वेढा घालून वर उरतील इतक्या. त्यांच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते, आणि ती वेळ कुठेही न थांबणाऱ्या माणसाची. म्हणजे धाप, फोटो, टाचेचा फोड आणि "हे काय, आलंच आता" हे त्यात धरलेलं नाही. दीडनं गुणा. "खाली यायला केबल कार आहेच" या भरवशावर तर मुळीच राहू नका. तिची शेवटची फेरी संध्याकाळी पाचच्या आगेमागे सुटते, आणि दोन वळणं वरून पाहिली तर जाताना ती फार देखणी दिसते.

शांततेबद्दल बोलायचं राहिलं. शहराच्या गोंगाटाला विटून तुम्ही इथे आलात आणि पहाटे साडेचारला गळ्यात घंटा बांधलेल्या वीस गायी खिडकीखाली चरायला आल्या, तर तक्रार करावी की नाही? जरूर करावी. तक्रारीला तिकडे मोठी परंपरा आहे. स्वित्झर्लंडच्या बर्न कॅन्टनमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, आरवांगन गावात रात्रीच्या घंटांवरून काही रहिवाशांनी तक्रार केली, तेव्हा गाव सह्या गोळा करत सुटलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये गावसभेनं घंटांच्याच बाजूनं कौल दिला. ज्यांनी आधी घंटा ऐकल्या नव्हत्या त्यांनाही आता त्या ऐकू यायला लागल्या असतील. फ्रान्समध्ये तर ओलेराँ बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यानं पहाटे आरवू नये म्हणून शेजारच्या सुट्टीच्या घराचे मालक कोर्टात गेले. २०१९ मध्ये कोंबडा जिंकला. पाठोपाठ २९ जानेवारी २०२१ च्या कायद्यानं खेड्यापाड्यांतले आवाज आणि वास यांना देशाच्या वारशात जागा मिळाली. तेव्हा फ्रेंच आल्प्समध्ये घर घेतलंत तर खिडकीतून येतो तो शेणाचा वास नव्हे, वारसा. खोल श्वास घ्या.

जाता जाता: कुरणातून वाट असेल तर वासरांजवळ जाऊ नका, आणि बरोबर कुत्रं असेल तर लांबूनच वळसा घाला. ‘गरीब गाय’ हा शब्दप्रयोग त्या गायींच्या कानावर गेलेला नाही.

"उन्हाळ्यातही स्की करता येते", असं एजंट शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून टाकेल. येते, कधीकधी, हिमनदीवर. स्वित्झर्लंडमधल्या त्सेरमाट गावाची वर्षभर स्कीची सोय म्हणून ख्याती. तिथेही २०२२ च्या जुलैत उन्हाळी स्की थांबवावी लागली, आणि फ्रान्समधल्या ले द्यू झाल्पनं त्याच वर्षी १० जुलैला गाशा गुंडाळला. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच स्विस हिमनद्यांचा दहावा हिस्सा वितळून गेला. आंडरमाटच्या वर गुर्शेन हिमनदीवर २००५ पासून पांढरी जाड कापडं अंथरतात, उन्हानं तिचा बर्फ कमी वितळावा म्हणून. ऱ्होन हिमनदीच्या बर्फाच्या गुहेवरही तशीच पांघरुणं वर्षानुवर्षं घातली आहेत. जुलैच्या भर दुपारी डोंगराला दुलई घालून निजवलेला बघणं, हा उन्हाळ्यातच घेण्यासारखा अनुभव आहे. हिवाळ्यात येणाऱ्यांच्या नशिबी तो नाही.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मात्र अगदी खरा आहे, तो वाया घालवू नका. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली खोऱ्यातल्या शहरात पस्तीस अंशांत लोक घामानं निथळत असताना त्या शहराहून चौदाशे मीटर वरच्या तुमच्या गॅलरीत पंचवीस-सव्वीस असतात, आणि रात्री खिडकी उघडी टाकून रजईत झोपता येतं. हे सुख आहे, यात थट्टा नाही. अडचण इतकीच की ते जसं तुम्हाला कळलं तसं तुमच्या नातेवाइकांनाही कळतं. हिवाळ्यात पाहुणे लांब ठेवायला लिफ्टच्या पासाची किंमत पुरते. उन्हाळ्यात असं कुंपण नाही. पारा चढला की फोन वाजतो आणि पलीकडून प्रेमळ आवाज येतो, "घर रिकामंच आहे ना?" रिकामं आहे म्हणालात तर ते येतात. रिकामं नाही म्हणालात तर "मग आपण सगळेच राहू, मजा येईल" म्हणत येतात. "भाड्यानं दिलंय" हे एकच उत्तर चालतं, आणि ते खरं करण्यासाठी खरोखर भाड्यानं द्यावं लागतं: शनिवार ते शनिवार. मग दर शनिवारी चादरी बदलताना अभिप्रायांची वही चाळा. जागा सुंदर, यजमान प्रेमळ, पाऊस सात दिवस.

कायद्याकडे आता वळलंच पाहिजे, कारण खरी गंमत तिथे आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये सुट्टीचं घर म्हणून मान्यता नसलेल्या घरात सुट्टी घालवली तर दंड होतो. घर तुमचं, सुट्टी तुमची, फक्त दोघांची गाठ पडता कामा नये. स्वित्झर्लंडमध्ये परदेशात राहणाऱ्या परक्या नागरिकाला सुट्टीचं घर घ्यायला ‘लेक्स कोलर’ या १९८३ च्या कायद्याखाली परवाना लागतो. साऱ्या देशात मिळून वर्षाला १,५०० परवाने, कुटुंबाला एकच घर, आणि राहण्याची जागा सहसा २०० चौरस मीटरच्या आत. ते बारमाही भाड्यानं देता येत नाही, म्हणजे स्वतःसाठी काही दिवस ठेवावेच लागतात. सुट्टी घेणं कायद्यानंच भाग आहे, असं तुमच्या साहेबांना सांगून बघा.

त्यात ११ मार्च २०१२ चं सार्वमत. फ्रान्झ वेबर या निसर्गरक्षकाच्या पुढाकारानं ते झालं आणि ५०.६ टक्के मतांनी ठरलं की कुठल्याही गावात दुसऱ्या, म्हणजे सुट्टीपुरत्या, घरांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर नसावं. स्कीच्या कितीतरी गावांत ते आधीच निम्म्याच्या वर गेलेलं. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी तिथे आता नवी घरं उठायची नाहीत. एजंट याला ‘दुर्मीळ संधी’ म्हणतो, गावकरी ‘पुरे झालं’ म्हणतात. दोघंही तुमच्याबद्दलच बोलत असतात. ज्या घरांची शटरं वर्षातले बहुतेक दिवस खाली असतात, त्यांच्यासाठी तिथे ‘थंड पलंग’ असा शब्दच आहे. उन्हाळ्यात जाऊन राहिलात तर तुमचा पलंग निदान कोमट तरी होईल. गावावर हे केवढे उपकार! त्यांची जाणीव बेकरीवाल्याला अधूनमधून करून देत चला; एरवी तो तुमचं नाव दरवर्षी नव्यानं विचारेल.

करांचं म्हणाल तर स्विस करखात्याची प्रतिभा वाखाणावी तेवढी थोडी. स्वतःच्या घरात राहिलं की भाडं वाचतं, आणि वाचलेलं भाडं म्हणजे उत्पन्न, असं मानून तिथे पिढ्यान्‌पिढ्या न मिळालेल्या भाड्यावर कर घेतात. तुम्ही तिथे गेला नसलात म्हणून काय झालं, घर तर तुमच्यासाठी हात जोडून उभं होतं ना? २८ सप्टेंबर २०२५ च्या सार्वमतात हा कर काढून टाकायचं ठरलं आणि घरमालकांनी सुस्कारा सोडला. त्याच कौलानं कॅन्टनांना दुसऱ्या घरांवर निराळा कर बसवायची मुभा दिली. सुस्कारा परत घ्यावा लागला. याशिवाय ‘कुरटाक्से’ नावाचा हवापालटाचा कर असतो. बऱ्याच गावांत तो दुसऱ्या घराच्या मालकाकडून वर्षाचा ठोक घेतात. तुम्ही तिथली हवा खा किंवा खाऊ नका. झीबेनश्लेफरला यातलं काहीच लागू नाही, हे मी मुद्दाम पुन्हा सांगत नाही.

असं करता करता सप्टेंबर उजाडतो. शिंगांना फुलं बांधून गायी वरच्या कुरणांतून वाजतगाजत खाली उतरतात. तो सोहळा बघायला गाव लोटतं. तुम्ही मात्र तेव्हा शिडीवर उभे राहून शटरची बिजागरी सोडवत असता. माळ्यावरचा तुमचा सोबती उन्हाळाभर खाऊन खाऊन दुपटीच्या घरात पोचलेला असतो. त्याला आता डिसेंबरात परत यायचं नाही, गुडघा जपायचा नाही, कुणाला काही पटवून द्यायचं नाही. तुम्ही फ्रिजचं दार उघडं ठेवता, गाद्या उभ्या करता, राख काढता, किल्ली दोनदा फिरवून बघता आणि गाडीत बसता. घाटाची सगळी वळणं उतरून गाडी खोऱ्याच्या सपाट रस्त्याला लागते, मागे डोंगर दिसेनासा होतो, आणि तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "पाइप कुणी रिकामे केले?"